गप्प मूल, घोकणारे मूल

निवासी शाळेत नव्याने आलेल्या लहानग्यांच्या बाबतीत जूनपासून दिवाळीपर्यंत दोन गोष्टी घडतात आणि त्या पाहून आपणा सर्वांना समाधान वाटते. एक मूल पुस्तक समोर धरून, ओळीवरून बोट फिरवीत, खणखणीत आवाजात सगळा धडा म्हणून दाखवते. आपण म्हणतो, ‘वाचायला लागले.’ दुसरे मूल आई-वडील परत गेल्यावर चार दिवस रडते, मग रडणे थांबवते, वाढलेले जेवते, सांगितलेल्या जागी झोपते. आपण म्हणतो, ‘रमले.’

ही दोन्ही अनुमाने पुष्कळदा चुकीची असतात, हे या लेखाचे म्हणणे आहे. धडा म्हणणारे मूल वाचत असेलच असे नाही. ते पाठ केलेले म्हणत असेल. रडणे थांबवलेले मूल रमले असेलच असे नाही; रडून काही होत नाही, एवढेच त्याला कळले असेल. या दोन्ही चुका ओळखण्याचा मार्ग मात्र एकच आहे. कोणीतरी मोठ्या माणसाने रोज थोडा वेळ त्या मुलाशेजारी बसायचे आणि त्याचे ऐकायचे. वाचन शिकवणे आणि मन सांभाळणे ही दोन निरनिराळ्या माणसांची निरनिराळी कामे आहेत असे आपण मानतो, म्हणून दोन्ही अपुरी राहतात.

हा प्रश्न आपल्यासाठी का महत्त्वाचा

वसतिगृह ही आपल्या चळवळीची जुनी आणि अभिमानाची परंपरा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि सभेने १९२५ मध्ये सोलापूरला वसतिगृह उघडले. ते हायस्कूलमध्ये शिकणाऱ्या मोठ्या विद्यार्थ्यांसाठी होते. आज परिस्थिती बदलली आहे. ऊसतोडीला, वीटभट्टीवर किंवा शहरात बांधकामावर जाणारे आई-वडील शिक्षण खंडित होऊ नये म्हणून सहा-सात वर्षांचे लेकरू निवासी शाळेच्या स्वाधीन करतात. त्या निर्णयामागे त्याग आहे आणि दूरदृष्टीही आहे. परंतु सोळा वर्षांच्या मुलासाठी घडवलेली शिस्त सहा वर्षांच्या मुलाला पुरत नाही. त्याला पलंग, ताट आणि पाटी यांखेरीज आणखी काही लागते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ हे वय ‘पायाभूत स्तर’ म्हणून एकत्र धरले आहे. बालवाडीची तीन वर्षे आणि पहिली-दुसरी हा एकच सलग टप्पा त्यात मानला आहे. यामागचे कारण साधे आहे. या वयात भाषा, खेळ, भावना आणि अक्षरओळख एकमेकांत गुंतलेली असतात. त्यातला एक धागा ओढला की दुसराही ओढला जातो.

वाचन म्हणजे नेमके काय

मूल बोलायला आपोआप शिकते. वाचायला मात्र कोणीतरी शिकवावे लागते. वाचनाच्या मुळाशी एक शोध असतो. तोंडातून निघणारा शब्द लहान-लहान आवाजांचा बनलेला आहे आणि कागदावरची प्रत्येक खूण त्यांपैकी कशाची तरी आहे, हा तो शोध. म्हणून अक्षरओळखीच्याही आधी कानाची तयारी हवी. टाळ्या वाजवीत ‘प-तं-ग’ म्हणणे, ‘क’ने सुरू होणाऱ्या वस्तू वर्गात शोधणे, भेंड्या खेळणे, बडबडगीते म्हणणे हा वेळेचा अपव्यय नव्हे, ती वाचनाची पहिली पायरी आहे.

आपली देवनागरी लिपी उच्चाराला जवळची असल्याने सोपी आहे असे आपण म्हणतो. मोठ्यांना ती तशी वाटते. पण मुलाच्या नजरेने पाहावे. ‘कि’ म्हणताना ‘क’ आधी उच्चारला जातो, परंतु कागदावर पहिली वेलांटी ‘क’च्या आधी दिसते. ‘सूर्य’ या शब्दात ‘र’चा उच्चार ‘य’च्या आधी होतो, परंतु त्याची खूण रफार होऊन ‘य’च्या डोक्यावर बसते. तोच ‘र’ ‘प्र’मध्ये एका रूपात, ‘ट्र’मध्ये दुसऱ्या रूपात आणि ‘वाऱ्या’मध्ये तिसऱ्याच रूपात भेटतो. सगळी मुळाक्षरे, सगळी बाराखडी आणि मग जोडाक्षरे हा पल्ला लांबचा आहे; तो गाठायला काही वर्षे लागणे स्वाभाविक आहे. जे मूल दुसरीत अडखळते ते मंद नसते, ते वाटेवर असते. धोका अडखळण्यात नाही. अडखळणे लपवण्यासाठी मूल घोकू लागते, त्यात आहे.

घोकणारे मूल ओळखणे अवघड नाही. म्हणून दाखवलेल्या धड्यातील मधल्याच एखाद्या शब्दावर बोट ठेवावे आणि ‘हा कोणता?’ असे विचारावे. चित्र हाताने झाकावे. ‘कमल’ वाचणाऱ्या मुलासमोर त्याच अक्षरांचा ‘कलम’ लिहून पाहावा. मूल थबकले तर त्याला रागावायचे नाही; आपल्यालाच त्याचा खरा ठावठिकाणा कळला, असे समजायचे. ग्रामीण भारतात घरोघरी जाऊन, एकेका मुलाला जवळ बसवून वाचन तपासणारा ‘असर’ अहवाल २००५ पासून प्रसिद्ध होतो. २०२४ च्या अहवालात तिसरीतील सुमारे २७ टक्के मुलेच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकली. बाकीची मुले शाळेत येत होती आणि वर्गात बसतही होती. त्यांच्याशेजारी बसून ऐकणारे मात्र पुरेसे नव्हते.

‘पानी’ म्हणणारे मूल चुकत नाही

वाचताना ऐकणाऱ्याचा कान कसा असावा, हाही प्रश्न आहे. ‘पाणी’ हा छापील शब्द पाहून एखादे मूल ‘पानी’ म्हणते. त्याने अक्षरे ओळखली, शब्द जुळवला, अर्थ लावला आणि तो आपल्या घरच्या उच्चारात सांगितला. हे वाचन झाले. विदर्भातले मूल ‘डोळा’ पाहून ‘डोया’ म्हणते, तेव्हाही तेच घडते. प्रमाण उच्चार आणि शुद्धलेखन त्याला पुढे अवश्य शिकवावे. पण पहिल्याच वर्षी, वाचता-वाचता, वर्गासमोर टोकून नव्हे. ‘ण’ आणि ‘न’ यांच्या उच्चारावरून माणसाची जात-पात ताडून हसण्याची वाईट खोड आपल्या समाजाने फार काळ जोपासली आहे. त्या हसण्याची आठवण या स्मरणिकेच्या अनेक वाचकांच्या मनात अजून ताजी असेल. तेच हसू आपल्याच शाळेत, आपल्याच लेकरांच्या वाट्याला येता कामा नये. ज्याच्या बोलण्याला हसले जाते ते मूल प्रथम बोलणे थांबवते, मग वाचणे.

महाराष्ट्रात या बाबतीत मार्गदर्शक ठरावे असे काम झालेले आहे. फलटणच्या मराठी बोलण्यातील सामाजिक भेदांचा अभ्यास करणाऱ्या मॅक्सीन बर्नसन यांनी तेथेच वंचित वस्त्यांतील मुलांना वाचायला शिकवण्याचे काम हाती घेतले. १९८६ मध्ये कमला निंबकर बालभवन ही शाळा उभी राहिली. मुलाची बोली हा अडथळा नसून तीच शिकण्याची सुरुवात आहे, ही त्या कामामागची धारणा होती. त्याच्याही आधी, १९४५ मध्ये, ताराबाई मोडक यांनी अनुताई वाघ यांच्या साथीने बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्राचे काम आरंभले; ते १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर गेले. वस्तीतली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ या शब्दामागे ही गोष्ट आहे. मूल जिथे निर्धास्त असते तिथे शाळेने जायचे, हा त्याचा अर्थ. निवासी शाळेला मुलाच्या अंगणात जाता येत नाही; म्हणून तिने त्या अंगणाचा काही भाग आपल्या आवारात आणला पाहिजे. घरची बोली, घरची गाणी, घरची नावे यांना येथे जागा मिळाली पाहिजे.

गप्प झालेले मूल

आता दुसऱ्या अनुमानाकडे वळू. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडमधील रुग्णालयांत लहान मुलांना आई-वडिलांपासून दूर ठेवीत. भेटीची वेळ अगदी थोडी असे. मुले आरंभी रडत, मग शांत होत, आणि कर्मचाऱ्यांना वाटे की ती रुळली. जेम्स रॉबर्टसन यांनी अशा मुलांचे बारकाईने निरीक्षण केले आणि १९५२ मध्ये आठ दिवस रुग्णालयात राहिलेल्या एका दोन वर्षांच्या मुलीवर चित्रपट तयार केला. रॉबर्टसन आणि त्यांचे सहकारी जॉन बोल्बी यांनी दाखवून दिले की, रडून विरोध करणे ही पहिली अवस्था असते. त्यानंतरची शांतता ही पुष्कळदा निराशेची असते. आणि तिसऱ्या अवस्थेत मूल हसते-खेळते, पण आई आली तरी तिच्याकडे वळत नाही. या कामाचा परिणाम होऊन पुढे तेथील रुग्णालयांचे भेटीचे नियम बदलले.

ही निरीक्षणे फार लहान मुलांची होती. सहा-सात वर्षांच्या मुलाला भाषा असते, उद्या-परवा समजते, मित्र मिळतात. त्यामुळे ती त्याला जशीच्या तशी लावू नयेत. चांगल्या निवासी शाळेत असंख्य मुले खरोखर रमतात आणि फुलतात, याची साक्ष येथील माजी विद्यार्थीच देतील. परंतु शांततेचा अर्थ लावण्याची घाई करू नये, हा इशारा आपल्यालाही लागू आहे. पूर्वी न भिजणारे अंथरूण भिजू लागणे, रोज सकाळी पोट दुखणे, उशीखाली भाकरी लपवून ठेवणे, खेळात न उतरणे, आवडीची वस्तू मिळूनही चेहरा न बदलणे, ही मुलाची भाषा आहे. भिजलेल्या अंथरुणाची चारचौघांत वाच्यता करणे हा मुलावर अन्याय आहे. ते निमूटपणे बदलावे. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने बंदी आहे, हेही लक्षात असावे. मुलाने कोणाच्या गैरवर्तनाविषयी काही सांगितले तर त्याच्यावर विश्वास ठेवून तत्काळ दखल घ्यावी. १०९८ ही बालकांसाठीची मदतवाहिनी सर्वांना ठाऊक असावी.

विरहाचे हे दुःख धम्मपरंपरेला अपरिचित नाही. बालवयातील राहुलाला प्रव्रज्या दिली गेली तेव्हा शुद्धोदनाला झालेल्या वेदनेचे वर्णन विनयपिटकातील महावग्गात आले आहे. पुत्रप्रेम कातडीपासून मज्जेपर्यंत सारे भेदून जाते, अशा आशयाचे त्याचे शब्द आहेत. त्याची विनंती ऐकून भगवंतांनी नियम केला की, आई-वडिलांच्या अनुमतीशिवाय मुलाला प्रव्रज्या देऊ नये. आई-वडिलांचे दुःख खरे आहे, म्हणून व्यवस्थेने आपला नियम बदलावा, हा धडा आपल्याला सर्वांत जवळच्या ग्रंथातून मिळतो.

म्हणून निरोपाची रीत नीट असावी. मूल खेळात गुंतले असता लपूनछपून निघून जाऊ नये. त्याने त्या वेळचे रडणे टळते, पण विश्वास तुटतो. ‘लवकर येईन’ असे म्हणू नये. लवकर म्हणजे किती, हे लहान मुलाला कळत नाही. ‘पुढच्या पौर्णिमेला येईन’ हे कळते, कारण चंद्र त्याला रोज दिसतो. आणि सांगितले तर यावेच. येणे अशक्य झाले तर त्याच दिवशी फोनवरून मुलाशी बोलावे. घरची एखादी वस्तू, आईच्या जुन्या लुगड्याची गोधडी म्हणा किंवा भावाचा चेंडू, मुलाजवळ राहू द्यावी. शाळेच्या बाजूने, प्रत्येक लहान मुलामागे एक ठरलेले मोठे माणूस असावे. रोज रात्री त्याला नावाने हाक मारणारे माणूस तेच असावे. ते वारंवार बदलू नये.

भीती आणि अक्षर

वाचायला शिकणाऱ्या मुलाला एकाच वेळी खूण ओळखायची, आवाज आठवायचा, मागचा आवाज धरून ठेवायचा आणि अर्थ लावायचा असतो. त्यासाठी सगळे लक्ष लागते. भीती आणि ओढ याच लक्षावर हक्क सांगतात. दाराशी पाऊल वाजले की ‘आई आली का?’ असे पाहणारे मूल ओळीवर टिकत नाही. चुकलो तर मार बसेल, हसतील, या धास्तीतले मूल अंदाजाने शब्द फेकते किंवा पाठांतराच्या आश्रयाला जाते. म्हणूनच घोकणे आणि गप्प राहणे ही पुष्कळदा एकाच मुलाची दोन रूपे असतात.

मूल जवळ घेऊन कसे शिकवावे, याचा नमुना मज्झिमनिकायातील अंबलट्ठिका-राहुलोवाद सुत्तात आहे. राहुल त्या वेळी सात वर्षांचा होता असे परंपरा मानते. भगवंत पाय धुतात, भांड्यात थोडे पाणी उरवतात आणि विचारतात की, हे एवढेसे पाणी दिसते का? मग ते पाणी टाकून देतात, भांडे उपडे करतात, दर टप्प्याला राहुलाला विचारतात. पुढे आरसा कशासाठी असतो असे विचारतात आणि राहुलाच्याच उत्तरावरून सांगतात की, प्रत्येक कृती करण्यापूर्वी, करताना आणि केल्यावर तपासावी. मूळ विषय खोटे न बोलण्याचा, म्हणजे मोठाच गंभीर. पण तेथे छडी नाही आणि घोकंपट्टीही नाही. समोरची ओळखीची वस्तू आहे, प्रश्न आहे आणि उत्तरासाठी थांबणे आहे. सम्राट अशोकाने भाब्रू येथील लेखात ज्या निवडक धम्मवचनांचे वारंवार श्रवण-मनन करावे असे सांगितले, त्यांत राहुलाला केलेल्या या उपदेशाचा समावेश आहे.

आपली मुले त्रिशरण-पंचशील लहानपणीच सुरेल म्हणतात. तो ठेवा आहेच. पण म्हणता येणे आणि समजणे यांतले अंतर येथेही आहे. एकेका शीलाचा अर्थ मुलाने स्वतःच्या बोलीत, स्वतःच्या दिवसातले उदाहरण देऊन सांगावा, एवढे आपण मागितले पाहिजे.

एका गोष्टीचे वाचन

गोष्ट वाचून दाखवणे हे एकच काम वाचन आणि मन दोन्ही सांभाळते. जातकातील भित्र्या सशाची कथा घेऊ. बेलाचे फळ पानावर पडल्याचा आवाज होतो. पृथ्वी फुटली असे वाटून ससा पळत सुटतो, त्याच्या मागून सारे प्राणी पळतात. बोधिसत्त्व सिंह होऊन त्यांना अडवतो, ‘कोणी पाहिले?’ असे एकेकाला विचारतो, आणि अखेर सशाला पाठीवर घेऊन त्या जागी परत जातो. घरोघरी सांगितल्या जाणाऱ्या, पाठीवर पान पडून पळत सुटलेल्या सशाच्या गोष्टीची ही बहीणच.

ही गोष्ट एका दमात वाचून संपवू नये. आवाज झाला तिथे थांबावे आणि विचारावे: कशाचा आवाज असेल? प्राणी पळू लागले की विचारावे: तू असतास तर काय केले असतेस? सिंहापाशी विचारावे: सिंह सशाला हसला का? मुलाने दिलेल्या उत्तरात एखादा शब्द वाढवून तो परत द्यावा. मूल ‘पळाला’ म्हणाले तर ‘हो, घाबरून पळाला’ असे म्हणावे. अशा रीतीने शब्दसंग्रह वाढतो, पुढे काय होईल याचा तर्क करण्याची सवय लागते आणि ‘घाबरणे’ या भावनेला नाव मिळते. एखादे मूल त्याच वेळी सांगून जाते की, रात्री टाकीवरचा पत्रा वाजतो त्याची त्याला भीती वाटते. मग दुसऱ्या दिवशी त्याला बरोबर घेऊन तो पत्रा पाहायला जावे. सिंहाने तेच केले होते. तीच गोष्ट मुले पुन्हा-पुन्हा मागतात; ती कंटाळता वाचावी. पुढे काय होणार हे ठाऊक असण्यात मुलाला आधार वाटतो, आणि ओळखीच्या वाक्यांतच ते पहिले शब्द स्वतः वाचते. सर्वच जातके या वयाची नाहीत. मृत्यू आणि देहदानाच्या कथा थोड्या मोठेपणी द्याव्यात.

कोणी काय करावे

शाळेने रात्रीच्या निजानीजेआधी पंधरा-वीस मिनिटांचे गोष्टवाचन वेळापत्रकात पक्के करावे आणि ते शिक्षा म्हणून कधीही रद्द करू नये. पुस्तके कपाटात कुलूपबंद नकोत. मुलाच्या हाताला येतील अशी असावीत. फाटलेले पुस्तक हे वापरलेले पुस्तक असते. वरच्या वर्गातील ताई-दादांनी लहानांना वाचून दाखवावे. जबाबदारी मात्र मोठ्या माणसांचीच राहावी. वाचनात सतत मागे पडणाऱ्या मुलाचे डोळे आणि कान प्रथम तपासून घ्यावेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळांत तपासणी करतात, त्यांचा लाभ घ्यावा. उदासपणा काही आठवडे टिकला तर पालकांना बोलवावे आणि वैद्यकीय सल्ला घ्यावा.

पालकांनी ‘आम्हाला वाचता येत नाही, आम्ही काय करणार?’ असे म्हणू नये. ओवी, उखाणा, कोडे, गावातली हकिगत, बाबासाहेबांची ऐकलेली आठवण, हे सारे मुलाच्या वाचनाचे भांडवल आहे. भेटीला आल्यावर ‘कितवा नंबर?’ हा प्रश्न मागे ठेवावा आणि ‘मला एक गोष्ट वाचून दाखव’ असे म्हणावे. अक्षर न ओळखणाऱ्या आईला वाचून दाखवताना मूल जितके ताठ बसते, तितके ते परीक्षकासमोरही बसत नाही.

माजी विद्यार्थ्यांना एक विनंती आहे. आपण शाळेला पंखे, बाके, संगणक देता. त्याबद्दल ऋण आहेच. यापुढे महिन्यातला एक रविवारही द्यावा. दरवेळी नवे लोक येऊन भाषण करून गेले, तर मुलांना आणखी एक निरोप सोसावा लागतो. म्हणून दोघा-तिघांनीच, पण वर्षभर, ठरलेल्या दिवशी यावे. शाळेच्या शिक्षकांसमवेत, खुल्या व्हरांड्यात, चार-चार मुलांना घेऊन बसावे. प्रत्येकाचे पानभर वाचन ऐकावे आणि एक गोष्ट वाचून दाखवावी. ज्यांनी याच व्हरांड्यात पहिली बाराखडी गिरवली आणि याच आवारात पहिली रात्र जागून काढली, त्यांच्याइतके चांगले ऐकणारे या मुलांना कोठे मिळणार? पहिला रविवार येत्या महिन्यातलाच असावा. नावे कार्यालयात नोंदवावीत.

भवतु सब्ब मंगलं.